मुक्त मानके आणि संगणकाचा विद्यार्थी

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

बडोदे शहराच्या उत्तरेस समा नावाची वस्ती आहे. एके काळचे हे खेडे आता शहरात पुरते मिसळून गेले असून सावलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसाहती उभ्या राहिल्या आहेत. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला मोठा पूर आला, तेव्हा शहराच्या इतर अनेक भागांप्रमाणे समा भागातही पाणी शिरले. पुरात भांडीकुंडी आणि कपडेलत्ते जातात, ते पुढेमागे पुन्हा घेता येतात. परंतु घरातील जुने कागद भिजून गेले म्हणजे ती हानी कायमची ठरते.

समा भागातील एका मराठी कुटुंबाची कल्पना करावी. पूर्वज गायकवाड सरकारच्या चाकरीनिमित्त बडोद्यास आलेले. घरातील आजोबांनी सेवानिवृत्तीनंतर, सुमारे तीस वर्षांपूर्वी, कुळाचा वृत्तान्त सिद्ध करून तो संगणकावर टंकलिखित करून घेतलेला. छापील प्रत पुराच्या पाण्यात गेली. संगणकातील नक्कल तेवढी शाबूत राहिली, म्हणून घरच्यांनी समाधान मानले. पण तंत्रशिक्षण घेणाऱ्या नातीने ती फाइल नव्या संगणकावर उघडली, तेव्हा पडद्यावर मराठीचे एक अक्षर दिसेना. रोमन अक्षरे, विरामचिन्हे आणि अनोळखी खुणा यांची नुसती रास तेथे पडली होती. उलट, कपाटाच्या वरच्या खणात असल्यामुळे वाचलेले, आजोबांच्या आजोबांच्या हातचे मोडी पत्र आजही वाचता येते. त्यासाठी मोडी शिकावी लागते, इतकेच. सव्वाशे वर्षांपूर्वीचा कागद बोलतो आणि तीस वर्षांपूर्वीची फाइल मुकी होते, असा विपरीत प्रकार का घडावा? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले म्हणजे संगणकाच्या विद्यार्थ्याला कोणत्या साधनांची गरज असते, याचाही उलगडा होतो.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतात केवळ अंक. अमुक अंक म्हणजे अमुक अक्षर, असा संकेत माणसांनी आधी ठरवावा लागतो. रोमन अक्षरांसाठी असा सर्वमान्य संकेत पूर्वीच ठरला होता. देवनागरीच्या बाबतीत मात्र गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अनेक व्यावसायिकांनी एक सोपी युक्ती योजिली. रोमन अक्षरांना दिलेल्या अंकांवरच त्यांनी देवनागरीचे आकार बसविले. फाइलमध्ये अंक राही रोमन अक्षराचा, आणि त्या व्यावसायिकाने पुरविलेला टंक, म्हणजे अक्षरांच्या आकारांचा संच, त्या जागी 'क' किंवा 'म' यांची आकृती रंगवी. प्रत्येकाचा संकेत वेगळा, आणि तो बहुधा खासगी. ज्याच्याजवळ तो टंक, त्यालाच मजकूर वाचता येई. टंक गेला की संकेत गेला, आणि संकेत गेला की लेखन गेले. मोडीचा संकेत कोणाच्या मालकीचा नव्हता. तो शिकविणारे होते, शिकणारे होते आणि त्याची पुस्तके होती. म्हणून मोडी पत्र तरले. कुलवृत्तान्ताचा संकेत दुसऱ्याच्या पेटीत बंद होता, आणि त्या पेटीची किल्ली हरवली.

जो संकेत किंवा जे माप लेखी स्वरूपात प्रसिद्ध आहे, जे कोणालाही वाचता येते, ज्याप्रमाणे वस्तू घडविण्यास कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही की कोणाला स्वामित्वधन द्यावे लागत नाही, आणि ज्यात सुधारणा सुचविण्याचा मार्ग सर्वांना खुला असतो, त्याला मुक्त मानक म्हणतात. ही कल्पना संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडात १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने स्क्रूच्या आट्यांचे एक ठरावीक माप मांडले. त्यापूर्वी एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टला बसेलच याची शाश्वती नसे. आपल्याकडेही शेर आणि मण प्रांतोप्रांती निराळे होते. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापांचा पाया घातला, तेव्हा गिऱ्हाइकाला कोणत्याही गावच्या बाजारात आपल्या हिशोबाची खात्री करून घेता येऊ लागली. माप उघड असले म्हणजे दुबळ्यालाही ते पडताळून पाहता येते, हेच मानकाचे खरे सामर्थ्य होय.

संगणकांच्या जगात या प्रथेचा आरंभ ज्या टिपणाने झाला, ते एका विद्यार्थ्याने लिहिलेले होते, ही गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ७ एप्रिल १९६९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने दूरदूरचे संगणक परस्परांशी कसे बोलतील यासंबंधी एक टिपण प्रसृत केले. त्याला त्याने आदेश किंवा नियमावली असे भारदस्त नाव दिले नाही. 'अभिप्रायांसाठी विनंती' असे नम्र नाव दिले. त्या मालिकेत पुढे हजारो टिपणे निघाली. आजचे इंटरनेट ज्या नियमांवर चालते, त्यांपैकी बहुतेक त्या मालिकेत ग्रथित झालेले आहेत, आणि ते सारे कोणालाही विनामूल्य वाचता येतात. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने टिम बर्नर्स-ली यांनी निर्माण केलेल्या वर्ल्ड वाइड वेबवरील आपला हक्क सोडून ते तंत्र सर्व जगाला मोकळे केले. दुसऱ्याच वर्षी वेबची मानके सिद्ध करणारा डब्ल्यू-थ्री-सी हा संघ स्थापन झाला.

भारतीय लिप्यांचा संकेत ठरविण्याचे कामही याच सुमारास चालू होते. १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि भारतीय लिप्यांसाठी तयार झालेल्या इस्की या संकेतास १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोची मान्यता मिळाली. जगातील सर्व लिप्यांना एकाच संकेतात गोवू पाहणारे युनिकोडही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली आहे. युनिकोडमध्ये 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५. हा क्रमांक समामधील संगणकावर 'क' आणि टोकियोतील संगणकावरही 'क'च. टंक बदलला तर अक्षराचे वळण बदलेल. अक्षर बदलणार नाही. केंद्र सरकारने २००९ मध्ये राज्यकारभारातील भारतीय भाषांसाठी युनिकोड स्वीकारले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुक्त मानकांचे धोरण जाहीर केले. निवडलेल्या मानकावर स्वामित्वधन असू नये, आणि जेथे लागू असेल तेथे भारतीय भाषांचा वापर त्यात करता यावा, अशा अटी त्या धोरणात घातल्या आहेत.

आता त्या नातीच्या कामाकडे वळावे. जुन्या फाइलचे नव्या संकेतात रूपांतर करणारी एक लहानशी आज्ञावली, म्हणजे संगणकाला द्यावयाच्या सूचनांची मालिका, ती लिहावयास घेते. वरवर पाहता हे काम एका कोष्टकाचे आहे: जुना अंक डावीकडे, नवा अंक उजवीकडे. पण कोष्टक पुरे होताच पहिली अडचण उभी राहते. जुन्या फाइलमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठविलेली आहेत. 'किरण' या शब्दात ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या आधी दिसते, म्हणून तिचा अंकही आधी आलेला आहे. 'धर्म' या शब्दात रफार 'म'च्या डोक्यावर दिसतो, म्हणून त्याचा अंक 'म'च्या नंतर आलेला आहे. युनिकोडमध्ये मात्र अक्षरांचा क्रम डोळ्यांचा नाही, कानांचा आहे. 'कि' उच्चारताना आधी 'क्' ऐकू येतो आणि मग 'इ'; 'धर्म' म्हणताना 'र्' आधी येतो आणि 'म' नंतर. तेव्हा नुसते अंक बदलून भागत नाही. दिसणाऱ्या क्रमाचे ऐकू येणाऱ्या क्रमात रूपांतर करावे लागते.

दुसरी अडचण खास मराठीची आहे. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, हे मराठी माणसाला सांगावयास नको. पहिल्याने गुरुजी येतील आणि दुसऱ्याने स्वयंपाकी. पहिल्या शब्दात रफार आहे, दुसऱ्यात आडवा अर्धा र. या आडव्या अर्ध्या र-साठी युनिकोडने स्पष्ट नियम घालून दिला आहे: साधा 'र', क्रमांक २३५२, न वापरता नुक्तेवाला 'ऱ', क्रमांक २३५३, घ्यावा आणि त्यास हलन्ताचे चिन्ह जोडावे. ज्याने हा नियम वाचला नाही, त्याची आज्ञावली कुळातील सगळ्या आचाऱ्यांना आचार्यपदी बसवील.

तिसरी अडचण अनुक्रमणिकेची. कुलवृत्तान्ताच्या शेवटी नावांची सूची हवी. मराठी वर्णमालेत 'ळ', 'क्ष' आणि 'ज्ञ' ही अक्षरे 'ह'च्या नंतर येतात. पण युनिकोडच्या क्रमांकांत 'ळ' हा 'ल'च्या लगोलग, 'व'च्या आधी बसला आहे. केवळ क्रमांकांवर विसंबून सूची लावली, तर 'काळे' हे आडनाव 'कावळे' या आडनावाच्या आधी येईल. मराठी क्रमाप्रमाणे ते नंतर यावयास हवे. याही रोगावर औषध आहे. निरनिराळ्या भाषांचे वर्णक्रम, महिन्यांची नावे, अंक लिहिण्याच्या रीती इत्यादी माहितीचा एक मुक्त संग्रह युनिकोड संस्थेनेच चालविला आहे, आणि त्यात मराठीचा वर्णक्रम स्वतंत्रपणे नोंदविलेला आहे.

या तिन्ही अडचणी सोडविताना त्या विद्यार्थिनीला जी साधने लागली, त्यांचे चार वर्ग पडतात. पहिले साधन म्हणजे नियमाची मूळ संहिता. युनिकोडचे कोष्टक आणि त्यावरील विवेचन, इंटरनेटची टिपणे, वेबची मानके हे सर्व घरबसल्या विनामूल्य वाचता येते. भारतीय मानक ब्यूरोची मानके पूर्वी विकत घ्यावी लागत. ती सर्वांना मोकळी व्हावीत म्हणून कार्ल मालामूद या अमेरिकन कार्यकर्त्याने भारतीय सहकाऱ्यांसह दिल्लीच्या उच्च न्यायालयात दाद मागितली होती. आता ब्यूरोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून भारतीय मानके विनामूल्य घेता येतात.

दुसरे साधन म्हणजे टीका, या शब्दाच्या जुन्या अर्थाने. सूत्रावाचून भाष्य नाही हे खरे. पण भाष्यावाचून सूत्र नवख्याला उकलत नाही, हेही तितकेच खरे. वेबच्या मानकांवरील असे भाष्य मोझिला या संस्थेने २००५ मध्ये सुरू केले. २०१७ मध्ये एरवी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मायक्रोसॉफ्ट, गूगल आणि सॅमसंग या कंपन्यांनीही त्या कामास हातभार लावण्याचे ठरविले. प्रत्येक आज्ञेचा अर्थ, तिचे उदाहरण, आणि ती कोणत्या ब्राउझरमध्ये कितपत चालते याचा तक्ता, असा तेथील शिरस्ता आहे.

तिसरे साधन म्हणजे कसोटी. सोनार जसा कसोटीचा दगड जवळ बाळगतो, तसा आपण लिहिलेले पान मानकाबरहुकूम आहे की नाही हे तपासून दाखविणारा परीक्षक डब्ल्यू-थ्री-सीने सर्वांसाठी ठेवला आहे. चूक कोणत्या ओळीत आहे हेही तो सांगतो. बहुतेक ब्राउझरमध्येच पानाचा अंतर्भाग उकलून दाखविणारी साधने असतात. दुसऱ्याने बांधलेले पान आतून कसे रचले आहे, हे कोणाही जिज्ञासूला पाहता येते. कित्येक जण वेबची विद्या अशाच रीतीने, दुसऱ्याच्या पानाचा उसवलेला टाका पाहून शिकले.

चौथे साधन म्हणजे घडविलेला नमुना: मुक्त परवान्याखाली दिलेली आज्ञावली आणि टंक. जोडाक्षरे योग्य रीतीने जुळविणाऱ्या एका मुक्त आज्ञावलीचे नाव 'हर्फबझ' असे आहे. ते फारसीतून घेतलेले असून त्याचा अर्थ 'मोकळे अक्षर' असा होतो. फायरफॉक्स, क्रोम आणि लिब्रे-ऑफिस यांत देवनागरी जुळविण्याचे काम हीच आज्ञावली करते. तिची एकेक ओळ विद्यार्थ्याला वाचता येते. अक्षरांचे वळण अभ्यासावयाचे तर मुंबईच्या एक टाइप या गटाचे 'मुक्त' आणि 'बालू' हे टंक मोकळे आहेत. या परंपरेची वाट ज्यांनी घालून दिली, त्यांत रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांचे नाव आदराने घ्यावे लागते. विंडोजमध्ये समाविष्ट झालेला 'मंगल' टंक त्यांचाच, आणि मुक्त परवान्याखाली दिलेला 'रघु' टंकही त्यांचाच. ज्या मोडी पत्राचा उल्लेख आरंभी आला, त्या मोडी लिपीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. त्यासाठीचा तपशीलवार प्रस्ताव अंशुमान पांडे या अभ्यासकाने सादर केला होता. आता तिच्यासाठी मोकळा टंकही उपलब्ध आहे, आणि बडोद्याच्या दप्तरांतील मोडी कागद मोडीतच संगणकावर उतरविता येतात.

मग उणीव कोठे आहे? उणीव भाषेची आहे. संहिता इंग्रजीत, भाष्य मुख्यतः इंग्रजीत, कसोटीने दाखविलेली चूकही इंग्रजीत. कवाड उघडे आहे, पण उंबरा उंच आहे. ज्या मुलामुलींचे शालेय शिक्षण मराठीत किंवा गुजरातीत झाले, त्यांच्यापैकी कित्येक जण मूळ नियम वाचण्याचे धाडस न करता कोठून तरी मिळालेली आज्ञावलीची ओळ उचलून चिकटवितात. ती चालली तर का चालली हे त्यांना कळत नाही, आणि अडली तर का अडली हेही कळत नाही. साधन मोकळे असूनही ज्ञान परावलंबी राहते.

या प्रश्नाचा विचार बडोद्याने फार पूर्वी केला होता. संगणकाचा नव्हे, त्या काळच्या नव्या विद्येचा. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कला भवन स्थापन केले आणि त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, विणकाम या विद्या कारागिराच्या मुलाला त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाल्या पाहिजेत, असा गज्जरांचा आग्रह होता, आणि त्यासाठी देशी भाषांत पुस्तके सिद्ध करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. तेच कला भवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा आहे. १९१० मध्ये महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, आणि ग्रंथांनी भरलेल्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. पुढे १९३१ मध्ये 'श्री सयाजी शासन कल्पतरु' हा कोश प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली या सात भाषांतील प्रतिशब्द त्यात दिले आहेत.

या तिन्ही उपक्रमांचे मर्म एकच होते. नियम लिहिलेला असणे पुरेसे नाही. तो ज्याच्यासाठी लिहिला त्याच्यापर्यंत, त्याच्या भाषेत पोचला पाहिजे. कोशाने शब्द दिले, शाळेने हात घडविला, आणि फिरत्या पेटीने ज्ञान दारात नेले. मुक्त मानकांच्या क्षेत्रात यांपैकी काही कार्य आज सुरू झालेले दिसते. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमाने मुक्त आज्ञावल्यांचे, दहाएक मिनिटांचे बोलके पाठ तयार केले आहेत, आणि त्यांपैकी अनेक मराठीतही ऐकावयास मिळतात. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश काढले आहेत. पण मानकांच्या मूळ संहितेवर मराठीत भाष्य लिहिण्याचे काम अजून पुष्कळसे शिल्लकच आहे. भाष्य म्हणजे शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर नव्हे. 'आचार्य' आणि 'आचारी' यांचे उदाहरण घेतले की आडव्या र-चा नियम मराठी मुलास क्षणात कळतो. इंग्रजी संहितेचे शब्दशः भाषांतर वाचून तो तासभरातही कळेलच असे नाही.

मुक्त मानकांविषयी भाबडा उत्साह बाळगण्याचे मात्र कारण नाही. मानके ठरविणाऱ्या समित्यांत मोठ्या कंपन्यांचे वजन असते. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवज-स्वरूपास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा देण्याचा प्रस्ताव मतास आला, तेव्हा भारताने विरोधी मत दिले आणि २००८ मध्येही ते कायम ठेवले. तरीही प्रस्ताव संमत झाला. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची बहुतेक मानके आजही विकत घ्यावी लागतात. युनिकोडही निर्दोष जन्मले नाही. 'ॲसिड' या शब्दाच्या आरंभीचा 'ॲ' मराठीत नित्याचा असून त्याला स्वतंत्र क्रमांक मिळावयास २००८ साल उजाडावे लागले. तथापि त्या संकेतातील उणीव उघड्यावर होती. ती कोणालाही दाखविता आली, तिच्याविषयी लिहिता आले, आणि ती दूर झाली. खासगी संकेतातील उणीव दिसतच नाही, मग ती दाखविणार कोण आणि सुधारणार कोण? मोकळेपणा चुका टाळीलच असे नाही. चुका सापडण्याची सोय मात्र तो करून ठेवतो.

त्या समितीत मराठीची बाजू मांडणारा माणूस आपोआप निर्माण होत नाही. आज जो विद्यार्थी नियम वाचावयास शिकतो, तोच उद्या नियमातील त्रुटी दाखवू शकतो. जो नुसते तयार साधन वापरतो, त्याच्या भाषेविषयीचे निर्णय दुसरे कोणी तरी घेत राहतात. संगणकाच्या शिक्षणाचा प्रश्न म्हणूनच केवळ नोकरीचा नाही. आपली लेखी ठेव पुढील पिढीच्या हाती वाचण्याजोगी पोचणार की नाही, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. बडोद्यात ग्रंथालये आहेत, मराठी संस्था आहेत, विद्यापीठ आहे. २०१८ मध्ये मराठी साहित्य संमेलनही या नगरीत भरले होते. एखाद्या ग्रंथालयाच्या खोलीत आठवड्यातून एक संध्याकाळ चार विद्यार्थी आणि एक जाणता यांनी बसून एकेका नियमाचे मराठी भाष्य लिहावयास घेतले, तर त्यास फारसा पैसा लागणार नाही. लिहिलेले भाष्य मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले, म्हणजे तीच नव्या काळातील फिरती पेटी होईल.

समामधील त्या घरी शेवटी काय घडले असेल? खासगी टंकाचे कोष्टक कोठेही प्रसिद्ध नसल्यामुळे नातीला एकेक आकार ताडून पाहावा लागला असेल, आणि त्यासाठी आजोबांनाच शेजारी बसवून घ्यावे लागले असेल. "आजोबा, इथे तुम्ही काय लिहिलं होतं?" असे ती विचारीत गेली, आणि आठवणीवर ताण देऊन आजोबा सांगत गेले. दोनशेच्या आसपास आकार अशा रीतीने ओळखता आले, ते आजोबा हयात आहेत म्हणून. ज्या घरात सांगणारे कोणी उरलेले नाही, तेथील फाइल मुकीच राहील. आजोबांचा वृत्तान्त आता युनिकोडमध्ये आला. तो वाचण्यासाठी पुढे कोणालाही त्यांच्या स्मृतीवर अवलंबून राहावे लागणार नाही. पण नातीने तेवढ्यावर काम थांबवू नये. तिने सिद्ध केलेले कोष्टक आणि त्यासोबत मराठीत लिहिलेली चार पानांची समजूत तिने सर्वांसाठी खुली करावी. कारण तोच टंक वापरून लिहिलेल्या फाइली बडोद्यात, सांगलीत आणि इंदुरात आणखी कितीतरी घरांत पडून असतील, आणि त्या घरांतील आजोबांचे वयही वाढतच आहे.